पकव्याच्या शेवटचं हसू

मी रागावले आहे आणि राग निवायच्या आत हे लिहून काढणार आहे. निवल्यावर मी फार समजूतदार लिहिते. या वेळी मला तसं लिहायचं नाही.

हे तुम्हा दोघांसाठी आहे, पण नातीने आधी वाचावं. राग बराचसा तिच्या मॉन्ट्रियलच्या संगीतकारावर आहे आणि थोडा तिच्यावर. नातवाने मागाहून वाचावं आणि बहिणीला चिडवू नये. सगळं क्रमाने सांगते. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे मला रागावतानाही परिच्छेद पाडावे लागतात.

गेल्या वर्षी गौरींना तू कासू गावच्या घरी होतीस. मोठी आजी, म्हणजे माझी थोरली जाऊ, आणि जित्याची आजी, म्हणजे जिते गावात दिलेली माझी नणंद, या दोघींचा पकवा तू तिथे पहिल्यांदा ऐकलास. तुझ्या भावाने तो कधीच ऐकलेला नाही, म्हणून त्याच्यासाठी सांगते. फुगडी खेळताना बायका तोंडाने दमाचा आवाज काढतात, त्याला पकवा म्हणतात. पक्-फू, पक्-फू. श्वास आत घेतानाही आवाज, सोडतानाही आवाज. एकीने ठोका धरायचा आणि दुसरीने त्या ठोक्यांच्या मधल्या फटीत आपला दम बसवायचा. चांगल्या दोघी असल्या की ऐकणाऱ्याला कुठला आवाज कुणाचा ते कळत नाही. 

या दोघी तरुणपणी फुगडीत अशा फिरायच्या की बघणाऱ्याला घेरी यावी. आता मोठ्या आजीचे गुडघे गेले आणि जित्याच्या आजीला चक्कर येते. फिरणं सुटलं, पकवा सुटला नाही. गौरीपुढे दोघी समोरासमोर मांडी घालून बसतात, एकमेकींची मनगटं धरतात आणि नुसता पकवा घालतात. जिचा दम आधी तुटेल किंवा जी आधी हसेल ती हरली. जिंकलेली बाई दुसऱ्या दिवशी तेरड्याची गौर हातात घेऊन सगळ्यांच्या पुढे खाडीवर जाते. ही रीत कुठल्या पोथीत नाही, आमच्या घरातली आहे. मी लग्न होऊन पेणच्या शिकलेल्या घरातून तिथे गेले तेव्हा मला ती रांगडी वाटली होती. पुढे मीही तिथे बसून ओरडायला लागले.

वर्षानुवर्षं जित्याची आजी जिंकत आली. गौर तिच्या हातात, आणि मोठी आजी मागून पाटावरचं सामान गोळा करत. गेल्या वर्षी खेळायला बसताना काय बोलणं झालं ते तू ऐकलंस, पण तुला किती कळलं कोण जाणे.

"वहिनी, कवली काढून ठेव आधी," तिच्या दातांच्या कवळीकडे बोट दाखवत जित्याची आजी म्हणाली. "नायतर गौरीच्या अंगावर उडंल."

"माझी कवली घट्ट हाय. तुझी जीभ सैल हाय, तीच संभाल."

तू फोन पुढे केलास आणि विचारलंस, "मोठी आजी, रेकॉर्ड करू का? मला माझ्या म्युझिकसाठी हवंय." तेव्हा तिने काय उत्तर दिलं ते मला शब्दशः आठवतं, तुलाही आठवत असावं. ती म्हणाली, "कर गो. पन सगला कर. अर्धा नको."

मग पकवा सुरू झाला. बराच वेळ दोघी बरोबरीत. जित्याच्या आजीचा ठोका भक्कम, तो हलायला तयार नाही. आणि मग मोठ्या आजीने दम आत घेताना हळूच त्यात घोरणं मिसळलं. साधं घोरणं नव्हे, जित्याच्या भावोजींचं, म्हणजे समोरचीच्याच नवऱ्याचं घोरणं. मधे अडकणारं, शिटी मारून परत सुटणारं. सगळ्या घराला ते माहीत आहे, भावोजी मुक्कामाला आले की पोरं पडवीत झोपायला पळतात. जित्याच्या आजीचे गाल फुगले, डोळे पाणावले, आणि ती फुटली. मनगटं सोडून, पोट धरून हसली. बायकांनी आरडाओरडा केला.

श्वास जागेवर आल्यावर ती म्हणाली, "मी हसली नाय. मना खोकला आला."

"खोकला?" मोठी आजी म्हणाली. "असा खोकला मना रोज येऊ दे गो बाय."

दुसऱ्या दिवशी गौर मोठ्या आजीने नेली. जित्याची आजी खाडीपर्यंत आलीच नाही. परत जाऊन तिने जिते गावात सगळ्यांना सांगितलं की वहिनीने मी खोकत असताना लबाडीने गौर हिसकावली. पेणच्या बाजारात, लग्नांत, बारशांत ही गोष्ट फिरली. लोक मोठ्या आजीला हसत हसत विचारायचे, "काय काकू, गौर चोरलीस म्हनं?" ती हसत नव्हती. देवाच्या कामात लबाडी केली हा आळ तिला फार लागला. दोघींचं बोलणं बंद झालं. मोठी आजी मला एवढंच म्हणायची, "तुझ्या नातीच्या फोनात हाय ना सगला? ऐकव तिला एकदा. खोकला कसा असतो आनि हसू कसा असतो, कान हायत तिला."

मी तुला दोनदा तसं कळवलं होतं. तू म्हणालीस, नवीन फोन घेतलाय आजी, शोधते.

आता तुझ्या कार्यक्रमाकडे येते. तू कळवलंस की तिकडे प्रायोगिक संगीताची मैफल आहे, इनुइट बायका कंठगायन करणार आहेत, आणि त्याच रचनेत आपल्या आज्यांचा पकवाही आहे. तू किती आनंदात होतीस! मीही होते. इनुइट म्हणजे उत्तरेकडच्या बर्फातले लोक. त्यांच्या बायका दोघी-दोघी समोरासमोर उभ्या राहून, एकमेकींचे दंड धरून, घशातून आणि श्वासातून आवाज काढतात, त्यात वारा असतो, पाणी असतं, कुत्र्याची पिल्लं असतात, आणि जी आधी हसेल किंवा चुकेल ती हरते, हे तुझ्याकडूनच मला कळलं. वाचून मी खुर्चीतून उठले होते. पृथ्वीच्या त्या टोकाला आमचा खेळ.

मी मोठ्या आजीला फोन केला. तिने दुसरं काही विचारलंच नाही. "म्हंजे तिचा हसू आता जग ऐकनार?" 

"ऐकणार."

"मंग मी येतंय."

ती कासूहून गाडीने रोह्याला आली, नवीन लुगडं नेसून. तिथल्या अष्टमी भागातल्या माझ्या घरात टीव्हीवर मी तुझी मैफल लावली. खालच्या मजल्यावरची शेजारीणही येऊन बसली. मंचावर त्या दोघी आल्या. एक वयस्क, एक तुझ्याएवढी. त्यांनी दंड धरले आणि सुरुवात केली. मला शहारा आला. शेजारीण म्हणाली, "अगं बाई, हे काय, कुत्री गुरगुरल्यासारखं? अंगात आलंय का यांच्या?"

माझा राग त्या संध्याकाळी तिथून सुरू झाला. मी तिला सांगितलं की त्यांच्याकडे गेलेल्या पाद्र्यांनाही असंच वाटलं होतं. त्यांना त्यात काहीतरी अघोरी दिसलं आणि त्यांनी ते बंद पाडलं. आज्या गप्प झाल्या. नातींना शिकवायला कुणी उरत नाही अशी वेळ आली, मग थोड्या म्हाताऱ्यांना जे आठवत होतं त्यावरून मुली पुन्हा शिकल्या. शेजारीण म्हणाली, "हो का? मला काय माहीत," आणि बिस्किट घेतलं. आमच्या शाळेत पर्यवेक्षिका बाई हेच म्हणायच्या. भोंडला हवा तेवढा करा, पण ते म्हशींसारखं धापा टाकणं नको, पाहुणे आलेत. बाईच्या गळ्यातून गोड नसलेलं काही निघालं की ते भूत असतं, नाहीतर जनावर.

मोठ्या आजीचं या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. ती पुढे सरकून बसली होती. "ती धाकटी हरनार," ती म्हणाली. "बघ तिचे डोले. डोले आधी हसतात." थोड्याच वेळात ती धाकटी खरंच फुटली, दोघी एकमेकींच्या खांद्यावर कोसळून हसल्या, आणि तिकडचं सभागृह टाळ्यांनी भरलं. मोठी आजीही टाळ्या वाजवत होती. "बरोबर! आता आमचा लाव."

लावायचं काही नव्हतं, ते पुढे आपोआपच आलं. मंच अंधारला, आणि भोंग्यांतून पकवा सुरू झाला. मी ओळखला. मग तो हळू झाला, इतका हळू की जनावर आजारी असावं. मग त्याचा तुकडा कापून तोच तोच पुन्हा. त्याच्याखाली ढोल, वर यंत्राची घरघर. एक आवाज डावीकडे नेला, एक उजवीकडे. ज्यांनी एकमेकींची मनगटं धरली होती त्यांना सभागृहाच्या दोन भिंतींना टांगलं.

"ह्यात मी कुठं हाय?" मोठ्या आजीने विचारलं.

"हे काय, हे तुम्हीच."

"आनि ती?"

"ती पलीकडे."

"बरं." ती हात मांडीवर ठेवून थांबली. ती कशासाठी थांबली होती ते मला माहीत होतं. आवाज वाढत गेला, वाढत गेला, आणि एकदम बंद झाला. टाळ्या. संगीतकार मंचावर येऊन वाकला.

"संपला?" ती म्हणाली. "आनि हसू?"

शेजारीण म्हणाली, "छान झालं हं काकू, तुमचं फॉरेनला." मी तिला घरी पाठवून दिलं, फारशा सौजन्याने नाही.

तुला मी लगेच फोन लावला. तो फोन तुला आवडला नाही, हे तू भावाला सांगितलंस आणि त्याने मला. म्हणून आता पुन्हा लिहिते, म्हणजे त्यात आवाज चढवल्याची तक्रार राहणार नाही.

तू म्हणालीस, "आजी, शेवटचा भाग त्याने ट्रिम केला. तिथे नॉइज होता."

"नॉइज म्हणजे हसू का?"

"हसणं, ओरडणं, भांडी पडल्याचा आवाज. टेक्स्चर बिघडत होतं."

"आणि त्या दोघींचं हसू? ते नाही बिघडवलं त्याने?"

"त्या स्टेजवर होत्या ना आजी. लाइव्ह."

हेच ते. समोर उभ्या असलेल्या बाईला कात्री लावता येत नाही. फोनमधल्या बाईला येते. मी विचारलं, मूळ रेकॉर्डिंग कुठे आहे. जुना फोन तू देऊन टाकला होतास, संगीतकाराकडे पाठवलेलं त्याने कापून ठेवलं होतं आणि बाकीचं पुसलं होतं. म्हणजे जगात कुठेही नाही. मोठी आजी शेजारी बसून माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मला तिला ते सांगायचं होतं.

आणि वर तुझी ती कार्यक्रमपत्रिका. त्या दोघींची नावं, त्यांचं गाव, त्यांना कुणी शिकवलं, सगळं छापलेलं. ते योग्यच आहे, तसंच हवं. आणि आपल्याबद्दल? 'पश्चिम भारताच्या ग्रामीण भागात सापडलेले ध्वनी.' सापडलेले? रस्त्यावर पडलेल्या किल्ल्या सापडतात. तू या घरात जेवलीस, गौरीच्या भाजीला नाक मुरडलंस, या दोघींच्या मधे झोपलीस.

फोन ठेवता ठेवता तू आणखी एक गोष्ट सांगितलीस, बहुधा मला शांत करायला. तालमीत त्या इनुइट गायिकांना पकवा ऐकवला तेव्हा त्यांतल्या थोरलीने पहिला प्रश्न विचारला, "जिंकलं कोण?" आणि तुम्हा कुणालाच उत्तर देता आलं नाही. मी शांत झाले नाही. तिला एका ऐकण्यात कळलं की हा खेळ आहे आणि याला शेवट असतो. तुमचा संगीतकार महिनोन्‌महिने त्या आवाजात डोकं घालून बसला आणि त्याला हा प्रश्न पडला नाही.

माझा राग नव्या संगीतावर आहे असं समजू नकोस, तशी सोय मी तुम्हाला देणार नाही. मागे तू मला एका इनुइट बाईचं एकटीचं गाणं पाठवलं होतंस. बरोबर व्हायोलिन होतं आणि यंत्र होतं, आणि ती आपल्याच श्वासाला आपणच उत्तर देत होती. कधी रडत होती, कधी दरडावत होती. मला ते समजलं नाही, पण तीन दिवस माझ्या डोक्यातून गेलं नाही. तिने आपली रीत मोडली तर ती तिची होती, मोडायचा हक्क तिचा. याने मोडली ती आमची, आणि आम्हाला न विचारता.

मी त्याला इंग्रजीत लिहिलं. कडक लिहिलं, व्याकरणात एकही फट ठेवली नाही. त्याचं उत्तर अतिशय सभ्य आलं. त्याला फार वाईट वाटलं. माझ्या भावना त्याला पूर्णपणे समजल्या. पुढच्या प्रयोगात तो शेवटी हसू घालायला तयार होता, त्याच्या संग्रहात वृद्ध स्त्रियांच्या हसण्याचे चांगले नमुने आहेत, त्यांतलं एखादं मी निवडावं.

मी ते वाचून मोठ्या आजीला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "दुसऱ्याच बाईचा हसू? मंग जिंकली कोन, ती बाई?" आणि नंतर, "आमाला काढ म्हनावं त्यातून. नकोच."

तसं मी कळवलं. त्याने आम्हाला काढलं आणि आमच्या जागी भात्याचा आवाज घातला. पुढचा प्रयोग छान झाला, कुणाला फरक जाणवला नाही, असं तू लिहिलंस. मला बरं वाटावं म्हणून लिहिलंस, हे मला कळतं. एकदा परत वाचून बघ स्वतःचं वाक्य.

आता शेवटचं. गणपती जवळ आले, तशी मोठी आजी म्हणाली की आळ घेऊन मी गौरीपुढे बसणार नाही, जाऊन तिला सांगूया. मी रोह्याहून निघाले, ती कासूला गाडीत चढली, आणि आम्ही जित्याला उतरलो. पुरावा द्यायला निघालेली बाई रिकाम्या हाताने चालली होती.

जित्याची आजी ओटीवर सुपात लसूण घेऊन सोलत होती. उठली नाही.

"ये वहिनी. आनलास काय पुरावा?"

मोठी आजी पायरीवर बसली. "नाय."

"मी बोललीच व्हती. खोकलाच व्हता तो. बाय, पानी दे ग वहिनीला," ती सुनेला म्हणाली, अगदी गोड आवाजात. मला ते सहन झालं नाही. मी म्हणाले, "वन्स, पुरावा होता. संगीतकाराने पकवा ठेवला आणि शेवट कापून फेकून दिला. त्याला तो आवाज घाण वाटला. आता तो कुठेच नाही."

तिचे हात थांबले. "काय फेकला?"

"शेवटचा आवाज."

"माझा?" लसणाचं सूप तिने बाजूला सारलं. "माझा हसू फेकला? कोन हाय तो मेला? आख्ख्या जल्मात मी अशी हसली नव्हती, पोटात कल आली, लुगड्याची गाठ सुटली, आनि त्याला घान वाटला?"

सून हातात तांब्या घेऊन दारात उभी होती. मोठी आजी पायरीवरून तिच्याकडे नुसती बघत राहिली. जित्याच्या आजीला आपण काय बोललो ते कळायला थोडा वेळ लागला. मग तिने सूप परत मांडीवर ओढलं.

"तू त्यांचा घोरना काढलास," ती कुरकुरली. "तो पकव्यात येत नाय."

"येतंय," मोठी आजी म्हणाली. "सगला येतंय. हसली का नाय, एवढा बोल. सुनेसमोर बोल."

"हसली! हसली गो! गौर तुझीच व्हती. आता मारतंस काय मना?" आणि माझ्याकडे वळून, "आनि तू, एवढी इंग्रजी शिकलीस, तर लिही त्याला. तो हसू माझा हाय म्हनावं. कुना दुसरीचा लावलास तर बघ."

"आनि असं पन लिही," मोठी आजी म्हणाली, "म्हनून ती हरली."

जित्याची आजी तिच्या अंगावर लसणाची साल फेकून म्हणाली, "लिही, लिही. तिचा जीव चाललाय नुसता त्यापायी."

मी तिथेच ओटीवर बसून फोनवर दोन वाक्यं लिहिली. ते हसू माझ्या नणंदेचं होतं. त्यामुळे ती हरली आणि माझी जाऊ जिंकली. खाली दोघींची पूर्ण नावं आणि गावं. वर नमस्कार नाही, खाली धन्यवाद नाहीत. त्याची एक प्रत त्या थोरल्या इनुइट गायिकेला द्यायला तुझ्याकडे पाठवली आहे, कारण विचारलं होतं तिने. ती तू अजून दिलेली नाहीस. उद्या दे.